शेतजमिनीचे मोल आणि कागदावरची किंमत

महाराष्ट्रातील शेतजमिनीला एकाच वेळी तीन किमती असतात. एक गावच्या पारावर बोलली जाते, दुसरी खरेदीखतात लिहिली जाते आणि तिसरी मुद्रांक विभागाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजे लोक ज्याला रेडी रेकनर म्हणतात त्यात, छापलेली असते. या तिन्हींत अंतर असते हे सर्वांना ठाऊक आहे आणि एरवी त्याविषयी कोणाची फारशी तक्रारही नसते. परंतु रस्ता, धरण अथवा औद्योगिक वसाहत यांसाठी भूसंपादनाची अधिसूचना निघाली की पहिली किंमत निरुपयोगी ठरते आणि पिढ्यान् पिढ्यांच्या ठेव्याचा हिशेब उरलेल्या दोन किमतींवर होतो. म्हणून या दोन किमती कशा ठरतात, हा केवळ दस्तनोंदणीचा तांत्रिक प्रश्न राहत नाही. तो न्यायाचा प्रश्न होतो.

जमिनीचे मोल पद्धतशीरपणे ठरविण्याचा प्रयत्न या प्रदेशाला नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रिंगल यांनी निव्वळ उत्पन्न मोजून सारा बसविण्याची योजना आखली; ती फसली. त्यानंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नव्या पद्धतीचा आरंभ केला. मातीचा रंग, पोत व खोली पाहावयाची, चुनखडी, वाळू, उतार असे दोष वजा करावयाचे आणि सोळा आण्यांपासून खाली उतरणारी प्रतवारी लावावयाची, अशी ती रीत होती. तिच्यासाठी माणसे शेतात जाऊन माती उकरून पाहत. सातबाऱ्यावरचा ‘आकार’ हा त्याच रीतीचा वारसा होय.

तथापि हा आकार सारा ठरविण्यासाठी होता, विक्रीची किंमत ठरविण्यासाठी नव्हे. पुढे कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळांना मालक केले, तेव्हा सर्वसाधारण कुळांसाठी जमिनीची किंमत आकाराच्या २० ते २०० पटींच्या मर्यादेत ठरविण्यात आली. कसणाऱ्याच्या पदरात जमीन स्वस्तात पडावी, हाच त्या कायद्याचा हेतू असल्याने तेथे ते योग्यही होते. परंतु आजही ग्रामीण भागातील मूल्यदर तक्त्यांत जिरायत जमिनीचे दर आकाराच्या गटांनुसार मांडलेले असतात. आकाराच्या नियतकालिक फेरतपासणीचा प्रघात स्वातंत्र्योत्तर काळात जवळजवळ लोपला आहे. मधल्या काळात बांधबंदिस्ती करून, गाळ भरून ज्याने माळरानाचे शेत केले, त्याचे कष्ट त्या आकारात कोठेही उमटलेले नाहीत.

खरी मेख मात्र याच्या पुढे आहे. मूल्यदर तक्ते नोंदलेल्या खरेदीखतांच्या आधारे सुधारले जातात. मुद्रांक शुल्क दस्तातील रक्कम आणि तक्त्यातील मूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारले जाते. साहजिकच देणारा व घेणारा दोघेही तक्त्याच्या आसपासचीच रक्कम दस्तात लिहितात आणि उरलेला व्यवहार रोखीने उरकतात. तीच खरेदीखते पुन्हा तक्त्याचा आधार बनतात. तक्ता खतांकडे पाहतो, खते तक्त्याकडे पाहतात आणि प्रत्यक्ष शेताकडे कोणीच पाहत नाही.

१८९४ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर मिळणारे दिलासा रकमेचे प्रमाण १५ टक्के होते; ते १९८४ मध्ये ३० टक्के झाले. २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला आणि हे प्रमाण १०० टक्के झाले. ग्रामीण भागासाठी एक ते दोन असा गुणकही आला. ही प्रगती मोठीच आहे. परंतु गुणक कितीही वाढविला, तरी ज्या आकड्याला गुणावयाचे तोच खोटा असेल तर गुणाकार खरा कसा ठरावा? शुल्क भरण्यासाठी तयार केलेल्या अशा मूल्यपुस्तकांवरून मोबदला ठरविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये जवाजी नागनाथम प्रकरणात म्हटले होते. नव्या कायद्याने मुद्रांकासाठीचे मूल्य हा एक निकष म्हणून स्वीकारला. दुसरा निकष आहे तो आधीच्या तीन वर्षांतील खरेदीखतांपैकी चढ्या किमतीच्या निम्म्या खतांच्या सरासरीचा. यांत जे अधिक ते द्यावयाचे. म्हणजे तक्ता हा तळ आहे, कमाल मर्यादा नव्हे. परंतु आडगावात खरेदीखते मोजकीच होतात आणि तीही तक्त्याकडे पाहून लिहिलेली असतात. मग तळ हीच कमाल मर्यादा होऊन बसते.

मूल्यांकन कसे करावे याचे मार्गदर्शन न्यायालयांनी केलेले आहे. पुण्यातील एका भूसंपादनासंबंधी १९८८ मध्ये दिलेल्या चिमणलाल हरगोविंददास निकालात जमिनीचे गुणदोष एकेक करून तोलण्याची रीत सांगितली आहे: रस्त्यालगतचे स्थान, सपाटी, नियमित आकृती हे अधिक; आतले स्थान, अरुंद पट्टी, सखल भाग हे उणे. विक्रीचे पुरावे नसतील तेथे निव्वळ वार्षिक उत्पन्नाला साधारणतः दहाने गुणण्याची पद्धतही रूढ आहे. उणीव आहे ती शेतात जाऊन हे करण्याची. विहीर, जलवाहिनी, फळझाडे यांची नोंद संयुक्त मोजणीच्या वेळी सुटली, अथवा पीकपाहणीत ऊस असूनही जिरायत लागले, तर ती चूक पुढे प्रत्येक टेबलावर खरी मानली जाते. ती दुरुस्त करून घेण्याचे ओझे वकील लावू न शकणाऱ्या शेतकऱ्यावर पडते.

म्हणून तक्त्याचा मसुदा ग्रामसभेपुढे ठेवून हरकती ऐकल्या जाव्यात आणि त्यात आकाराबरोबरच मातीची आजची खोली व पाण्याची खात्री यांना स्थान मिळावे. संपादनापूर्वी प्रत्येक खातेदाराला त्याच्या जमिनीचे मूल्य कोणत्या कारणांनी तेवढे धरले याचा मराठीतील कारणपत्रक हाती मिळावा. शेतकऱ्यानेही दस्तात खरी रक्कम लिहिण्याची सवय लावून घेतली पाहिजे. आज शुल्कात वाचलेला रुपया उद्या शेजाऱ्याच्या आणि स्वतःच्याही मोबदल्यातून वजा होतो. शेतकऱ्याने शेतकऱ्याकडून घेतलेल्या जमिनीवरचे शुल्क शासनाने हलके केले, तर हा खरेपणा परवडण्याजोगा होईल.

मोबदला न्याय्य आहे की नाही, याची कसोटी अगदी साधी आहे. मिळालेल्या रकमेत त्याच पंचक्रोशीत तेवढीच आणि तशीच जमीन घेता येते काय? उत्तर नकारार्थी असेल, तर धनादेशावरचा आकडा कितीही डोळे दिपविणारा असो, त्या शेतकऱ्याची जमीन विकत घेतली असे म्हणता येणार नाही. ती काढून घेतली असेच म्हणावे लागेल.