शाळेचे रजिस्टर आणि फाशीची शिक्षा

१९९४ साली पुण्यात एका घरातील सात जणांची हत्या झाली. १९९८ मध्ये सत्र न्यायालयाने त्या खटल्यात फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २००० साली सर्वोच्च न्यायालयानेही तिच्यावर शिक्कामोर्तब केले. मात्र एका आरोपीचे वय गुन्ह्याच्या वेळी अवघे साडेबारा वर्षांचे होते, हे त्याच न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये मान्य केले. आधार होता राजस्थानातील एका शाळेच्या रजिस्टरचा. तोवर अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता!

हा निर्णय वयावर झाला, वकिलाच्या कामगिरीवर नव्हे. पण खरा प्रश्न तिथेच आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने शिक्षेबाबत स्वतंत्र सुनावणी दिली. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने गुन्ह्याबरोबर गुन्हेगाराचाही विचार करण्यास सांगितले. परंतु हा गुन्हेगार कोण, कोठे वाढला, हे न्यायाधीशांना सांगायचे कोणी? कोळवणच्या एखाद्या गरीब शेतमजुरावर असा प्रसंग आला, तर पुण्याच्या न्यायालयात बसलेल्या, सरकारने नेमून दिलेल्या वकिलाने गावच्या शाळेपर्यंत आणि आईच्या ओसरीपर्यंत गेलेच पाहिजे. तो गेला नाही, तर कागदावर माणूस उरतच नाही. उरतो तो केवळ गुन्हा.

अमेरिकेत १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालाने अपिलासाठी दुहेरी कसोटी घातली: वकिलाचे काम वाजवी दर्जापेक्षा खालचे होते काय, आणि तसे नसते तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती काय? त्याच खटल्यातील आरोपीच्या वकिलाने स्वभावाविषयी साक्षीदार जमवले नव्हते. तरीही शिक्षा टिकली आणि त्याच वर्षी अमलात आली. या कसोटीचा दुसरा भाग दिसतो तितका निरुपद्रवी नाही. जे पुरावे वकिलाने गोळाच केले नाहीत, त्यांचे वजन कैद्याने कोठडीत बसून कसे सिद्ध करावे?

प्रत्येक हरलेला आरोपी वकिलाला दोष देईल, हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच चौकशी वकिलाच्या युक्तिवादाची नको, तयारीची हवी. २०१९ मध्ये अनोखीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शक्यता असलेल्या प्रकरणी किमान दहा वर्षे अनुभवाचा वकील आणि तयारीला साधारणपणे किमान सात दिवस आवश्यक ठरवले. सात दिवस! गावी जाऊन यायलाच त्यातले दोन मोडतात. अपील न्यायालयाने आता एवढेच विचारावे: वकील कोणाकोणाला भेटला, कोणते दाखले मागवले? उत्तर कोरे असेल, तर शिक्षेची सुनावणी पुन्हा व्हावी, आणि तिचा भार सरकारने उचलावा.