निवृत्तांचे अभ्यासमंडळ आणि आपण

अष्टांग आयुर्वेदात जराचिकित्सेला स्वतंत्र स्थान आहे. परंतु आपल्या चिकित्सालयांत आणि औषधालयांत रसायन म्हणजे अवलेहाची बरणी, एवढाच अर्थ आता उरला आहे. चरकाचार्यांनी रसायनाध्यायाच्या चौथ्या पादात आचार रसायन सांगितले. त्यात सत्य, अक्रोध, निद्रा व जागरण यांचे साम्य, वृद्धांची उपासना आणि शास्त्राभ्यास यांचा समावेश आहे. औषधी द्रव्य एकही नाही. कदाचित म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

हे रसायन प्रत्यक्षात कसे दिसते, हे आमच्या तालुक्याच्या गावी निवृत्तांच्या एका अभ्यासमंडळात गेले वर्षभर आम्ही पाहिले. अशी मंडळे जगाला नवी नाहीत. १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे ज्येष्ठांसाठी ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ निघाले. पुढे १९८२ मध्ये ब्रिटनमध्ये त्याने वेगळे वळण घेतले: वेतन घेणारा अध्यापक नाही, परीक्षा नाही, पदवी नाही, सभासदांनीच एकमेकांना शिकवायचे. आपल्याकडे न्या. रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, आणि चातुर्मासातील श्रवण तर त्याहून कितीतरी जुने. मात्र श्रवण वेगळे, अध्ययन वेगळे. अध्ययनात वृद्धाला उत्तर द्यावे लागते, आणि उत्तर द्यायचे म्हणजे आदल्या रात्री पुस्तक उघडणे आले.

मंडळाचे वर्ष आषाढात सुरू होते. वर्षाऋतूत वातप्रकोप, त्यात वयही वाताचे. गुडघे धरले की उपस्थिती निम्म्यावर येते. तरीही एका निवृत्त तलाठ्यांनी सातबारा उताऱ्यातील एकेक रकाना समजावला, तेव्हा पावसातही सभागृह भरले होते. प्रत्येकाच्या घरी जमिनीचा काही ना काही गुंता असतोच! शरदात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका शिक्षिकांनी मोडी लिपीचे वर्ग घेतले. हेमंतात बैठक सकाळऐवजी चारच्या उन्हात भरू लागली. ग्रीष्मात नातवंडे येतात व मंडळ थांबते, त्याची खंत कोणालाही नसते. ज्यांना कमी ऐकू येते त्यांना पहिल्या रांगेत बसवण्याचा नियम मंडळाने स्वतःहून केला. हा नियम आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. ‘लॅन्सेट’च्या स्मृतिभ्रंशविषयक आयोगाने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगे जे चौदा धोके नोंदविले, त्यांत श्रवणदोष, अल्पशिक्षण व एकाकीपणा हे तिन्ही आहेत.

शिशिरात अष्टांगहृदयातील दिनचर्या व ऋतुचर्या हे अध्याय वाचण्यासाठी आम्हांस बोलावणे आले. तिसऱ्या बैठकीस बँकेतून निवृत्त झालेल्या एका सभासदांनी विषतिंदुक वटीची डबी पुढे ठेवली. भिंगातून वेष्टन वाचून त्यांनी विचारले, “वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे असे येथे छापले आहे. मग दुकानात मला ‘वैद्य कोण?’ असे कोणीच का विचारले नाही?”

या प्रश्नाला टाळी घेणारे उत्तर नाही. अनुसूची ई (१) मधील कुचला, वत्सनाभ, भल्लातक, पारद आदी द्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर ही सूचना इंग्रजीत व हिंदीत छापणे औषधे नियमांतील नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. ती छापणारे आपण, विकणारे आपण आणि लिहून देणारेही आपणच. ती प्रथम वाचली मात्र एका रुग्णाने, तीही अभ्यासमंडळात बसल्यामुळे. त्याच बैठकीत आणखी एका आजींनी विचारले, “रक्त पातळ ठेवण्याची गोळी चालू असताना गुग्गुळ चालेल का?” त्यांच्या सर्व औषधांची यादी पाहिल्याखेरीज ‘चालेल’ म्हणणे वैद्याला शोभणारे नव्हे, आणि ‘आयुर्वेदाला दुष्परिणाम नाहीत’ हे वाक्य तर त्या खोलीत कोणी मानले नसते.

आजवर आपण ज्येष्ठांच्या संघांकडे बहुधा ‘संधिवातावर व्याख्यान’ घेऊन गेलो; दाराशी टेबल, टेबलावर नमुन्याच्या पुड्या आणि शेवटी सवलतीचे कूपन. औषधालयांच्या चालकांनी खर्च उचलला आणि त्याची वसुलीही केली. व्यवसाय करण्यास आमचा विरोध नाही. पोट सर्वांनाच आहे. परंतु जेथे माणसे शिकण्यासाठी जमतात तेथे विक्रीचे टेबल नसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. वैद्याने तेथे ग्रंथ घेऊन सभासदांच्या रांगेत बसावे. चालकांना साह्य करायचेच असेल तर मोठ्या टाइपातील पुस्तके द्यावीत, वेष्टनावरील अक्षरे भिंगाविना वाचता येतील इतकी ठळक करावीत, आणि ई (१) मधील औषध देताना गिऱ्हाइकाला वैद्याचे नाव विचारावे. काही गिऱ्हाइके समोरच्या दुकानात जातील, हे आम्ही जाणतो.

येत्या आषाढापासून मंडळाने दर महिन्यास एक बैठक सभासदांच्या घरांतील औषधांची वेष्टने वाचण्यासाठी राखून ठेवली आहे. गावातील दोन औषधालयांच्या चालकांनाही त्यांनी निमंत्रण पाठविले आहे. अद्याप होकार आलेला नाही.