मानवी हक्कांचा सप्ताह आणि कारखान्याचे फाटक

दरवर्षी २६ नोव्हेंबरचा संविधान दिन उजाडला की १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंत सभा, शपथा आणि व्याख्याने यांना भरती येते. शाळांच्या प्रांगणात व सरकारी कचेऱ्यांच्या वऱ्हांड्यात उद्देशिकेचे सामुदायिक वाचन होते, प्रतिमांना हार पडतात, लोकशाहीच्या महतीवर भाषणे झडतात. अकरा तारखेला फलक उतरतात आणि कारभार मागील पानावरून पुढे चालू होतो. या सोहळ्यांना कोणाचाही विरोध नसतो, आणि नेमके हेच त्यांच्या निष्फळतेचे लक्षण आहे. ज्या हक्काच्या उच्चाराने कोणाही सत्ताधाऱ्याच्या कपाळावर आठी उमटत नाही, तो हक्क उच्चारणाऱ्यांनीच बोथट करून टाकलेला असतो.

हा सप्ताह कासारवाडीत उभे राहून पाहावा. एका अंगाला पवना नदी, मधून लोहमार्ग आणि पुणे–मुंबई रस्ता, डोक्यावरून मेट्रो, आणि हाकेच्या अंतरावर नाशिक फाटा. तेथून भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांकडे माणसांचा लोंढा अहोरात्र वाहत असतो. या लोंढ्यात कायम कामगार आहेत, त्यांच्यापेक्षा किती तरी अधिक कंत्राटी, शिकाऊ आणि मुदतबंद कामगार आहेत. लोकशाहीवरील व्याख्यान सायंकाळी सहाला सभागृहात ठेवले जाते. त्या वेळी दुसऱ्या पाळीचा कामगार यंत्रापाशी उभा असतो, तिसऱ्या पाळीचा रात्रीसाठी झोप गोळा करीत असतो, आणि पहिल्या पाळीहून परतलेली कामगार स्त्री चुलीपाशी असते. मग समोरच्या खुर्च्यांवर कोण बसते? ज्यांना हे सारे आधीच पटलेले आहे, असे तेच ते शंभर लोक.

या शहरातील लोकशाहीचा अलीकडचा इतिहास तर अधिक बोलका आहे. १९८२ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची निवडणूक २०१७ मध्ये झाली आणि त्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढची निवडणूक झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. राज्यघटनेचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते की, मुदत संपण्यापूर्वी नव्या निवडणुका पार पडल्या पाहिजेत. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात होता, हे खरे. परंतु त्या वादाची सबब पुढे करून जवळजवळ चार वर्षे शहर प्रशासकाच्या हाती राहिले, आणि अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. तोही त्या मुदतीत पाळला गेला नाही. या काळात सर्वसाधारण सभा म्हणजे प्रशासक आणि स्थायी समिती म्हणजेही प्रशासकच होता. खर्च मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. त्याच अवधीत चार संविधान दिन येऊन गेले आणि चारही वेळा उद्देशिका वाचली गेली. जिचा आरंभच लोकांच्या नावाने होतो ती उद्देशिका लोकप्रतिनिधींवाचून चाललेल्या शहरात वाचली जावी, यातील विसंगती कोणालाही बोचली नाही!

ही विसंगती केवळ तात्त्विक नव्हती. ऑक्टोबर २०२३ मध्ये कासारवाडीतील महानगरपालिकेच्याच जलतरण तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि पोहायला आलेल्या नागरिकांना रुग्णालयात हलवावे लागले. देखभालीत कसूर कोणाची, या प्रश्नावर आयुक्ताला भर सभेत उभे करू शकेल असा एकही निवडून आलेला सदस्य त्या दिवशी या शहरात नव्हता. नगरसेवक आदर्श असतात असे कोणी म्हणणार नाही. पण वाईट नगरसेवकाला पाच वर्षांनी घरी पाठवता येते, प्रशासकाला मात्र नागरिक कधीच घरी पाठवू शकत नाहीत. लोकशाहीचा एवढा साधा अर्थ शिकवायला व्याख्यात्याची गरज नाही.

दोनच महिन्यांनी, ८ डिसेंबर २०२३ रोजी, म्हणजे मानवी हक्क दिनाच्या अवघे दोन दिवस आधी, याच महानगरपालिकेच्या हद्दीतील तळवडे येथे आग लागली. वाढदिवसाच्या केकवर लावावयाच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनविणारा तो कारखाना परवान्याविना चालला होता. त्याच दिवशी सहा कामगार स्त्रिया होरपळून मेल्या, आणि उपचार घेत असलेल्यांपैकी आणखी अनेक जणी पुढील दिवसांत दगावल्या. दुसऱ्यांच्या मुलांच्या वाढदिवसासाठी राबणाऱ्या या स्त्रियांच्या हक्कांचे काय? जगण्याचा हक्क घटनेच्या २१ व्या कलमात आहे. त्या कलमाचा तळवड्याच्या त्या पत्र्याच्या शेडपर्यंतचा रस्ता कोणी अडविला? कारखाने निरीक्षकांची अपुरी संख्या, डोळेझाक करणारी यंत्रणा आणि मिळेल त्या मजुरीवर राबावे लागणारी गरिबी, या तिघांनी मिळून तो अडविला. मानवी हक्कांच्या सप्ताहात या तिघांचा उल्लेख होणार नसेल, तर तो सप्ताह म्हणजे मृतांच्या दारावरून वाजतगाजत नेलेली वरात आहे.

या ठिकाणी डाव्या चळवळीतीलच एक जुना आक्षेप पुढे येतो. भाकरीचा प्रश्न आधी, नागरी हक्क ही मध्यमवर्गाची चैन, असा तो आक्षेप. हा भ्रम आणीबाणीने कायमचा उतरवायला हवा होता. जून १९७५ मध्ये नागरिकांचे स्वातंत्र्य गेले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला. संपाची भाषा करणारा तुरुंगात होता, वृत्तपत्रांवर प्रसिद्धिपूर्व तपासणी होती, म्हणूनच तो वटहुकूम निमूटपणे गिळावा लागला. १९७७ साली मतपेटीने सत्ता बदलली आणि ८.३३ टक्के परत आले. बोलण्याचे स्वातंत्र्य आणि पगाराचे पाकीट यांचा संबंध याहून स्पष्ट कोणता असावा? जयप्रकाशांच्या सोबतीने नागरी हक्कांची चळवळ उभारणारे न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे याच पुणे जिल्ह्यातील सासवडचे. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी हा संबंध विसरता कामा नये.

उलट बाजूने, हक्कांची भाषा बोलणारेही अर्धेच बोलतात. १९४८ च्या जाहीरनाम्यातील भाषणस्वातंत्र्याचा पाठ सर्वत्र होतो. परंतु त्याच जाहीरनाम्याच्या २३ व्या कलमात समान कामाला समान वेतन आणि कामगार संघटना स्थापन करण्याचा हक्क आहे, २४ व्या कलमात कामाच्या तासांवरील मर्यादा आहे, ही पाने कोणी उलटत नाही. एशियाडच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करवून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाने निषिद्ध ठरविलेली वेठबिगारीच आहे. हा निकाल किती कारखान्यांच्या फाटकावर वाचून दाखविला गेला?

आणि आता परीक्षेची वेळ आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी, संविधान दिनाच्या पाच दिवस आधी, २९ कामगार कायदे गुंडाळून चार संहिता अमलात आणल्या गेल्या. नेमणूकपत्र सक्तीचे झाले, याचे स्वागत करावे. परंतु कामगारकपातीसाठी सरकारी परवानगीची अट १०० ऐवजी ३०० कामगारांच्या कारखान्यांपासून लागू होणार, कंत्राटी कामगारांच्या संरक्षणाची केंद्रीय मर्यादा २० वरून ५० वर गेली, आणि पूर्वी केवळ सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना असलेले संपाच्या नोटिशीचे बंधन सर्वच उद्योगांना लागले. पिंपरी ते चाकण या पट्ट्यातील छोट्या कारखान्यांच्या संख्येकडे पाहिले, तर या आकड्यांच्या आड किती माणसे उघड्यावर पडतात हे सांगावयास नको. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकीय समता आणि आर्थिक विषमता यांच्या ज्या विसंगतीचा इशारा दिला होता, ती विसंगती मिटविण्याऐवजी आता ती कायद्याने पक्की केली जात आहे.

म्हणून समाजवादी कार्यकर्त्यांनी या सप्ताहावर बहिष्कार घालू नये, तो सरकारच्या हातून काढून घ्यावा. डिसेंबरच्या ४ ते १० या सात दिवसांत ६ तारीख बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाची आहे, ८ तळवड्याची आहे आणि १० जाहीरनाम्याची. एवढी कार्यक्रमपत्रिका पुरेशी आहे. सभा सभागृहात न घेता पाळी सुटण्याच्या वेळी फाटकावर आणि नाशिक फाट्यावर घ्यावी. कंत्राटी कामगाराची वेतनपावती, भविष्यनिर्वाह निधीचा खाते क्रमांक आणि नेमणूकपत्र ही तीन कागदपत्रे त्याच्या हाती आहेत काय, याची वस्तीवस्तीत नोंद करावी. परवान्याविना चालणाऱ्या धोकादायक शेडची यादी करून ती लेखी स्वरूपात महानगरपालिकेला आणि कारखाने निरीक्षकाला द्यावी व पोच घ्यावी. नव्या सभागृहातील सदस्यांना प्रभाग समितीच्या बैठका उघड्यावर, नागरिकांसमोर घेण्यास भाग पाडावे. आणि पुढच्या वर्षी त्याच फाटकावर उभे राहून, नोंदीतील किती माणसांना न्याय मिळाला याचा हिशेब द्यावा.

यातील प्रत्येक कामाने कोणाच्या तरी कपाळावर आठी उमटेल. ठेकेदार चिडेल, अधिकारी भेट टाळेल, परवानगी नाकारली जाईल, कदाचित नोटिसाही येतील. तसे झाले तर सप्ताह योग्य जागी पोहोचला, असे खुशाल समजावे. उद्देशिका पाठ असलेल्या नागरिकांची या देशात वाण नाही. तिच्या आधारे फाटकावर जाब विचारणाऱ्या नागरिकांची आहे.