आधी दुकानात बसा, मग पोस्ट टाका!

‘न बोलणाऱ्याचे गहू विकत नाहीत आणि बोलणाऱ्याचा कोंडा विकतो’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. हल्ली या म्हणीचा धसका छोट्या दुकानदारांनी फारच घेतलेला दिसतो. अमरावतीच्या राजकमल चौकात जा की अकोल्याच्या टॉवर चौकात, आपण इंजिनिअरिंगला आहोत हे कळलं की दुकानदार एकच गोष्ट म्हणतो, "मंग आमचं इन्स्टाग्राम पाहून दे ना बाप्पा!" आणि मेसच्या बिलाला तेवढाच हातभार म्हणून आपल्यापैकी बरेच जण हो म्हणतात.

पुढे काय होतं ते होस्टेलमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे. पहिल्या आठवड्यात रोज तीन पोस्ट. शुभ सकाळ, सुविचार, जागतिक अमुक दिनाच्या शुभेच्छा. महिन्याभरात सबमिशन येतं आणि पोस्ट थांबतात. दुकान रोज उघडतं, पण पेजवर गेल्या दिवाळीचाच आकाशकंदील लटकलेला! पाहणाऱ्याला वाटतं, दुकान बंद पडलं वाटते. ज्याच्याकडे खरोखर गहू होते, त्याचाही आपण कोंडा करून टाकला.

मित्रहो, माझं म्हणणं सरळ आहे. दुकानाने काय बोलायचं ते मोबाईलमध्ये सापडत नाही, ते दुकानातच असतं. आपलं काम फक्त ते योग्य वेळी मांडण्याचं. म्हणजेच दुकानाचं टाईमटेबल बनवण्याचं.

टाईमटेबल का? आपल्या शेगावच्या कचोरीचंच घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी १९५० च्या सुमारास शेगाव स्टेशनवर ही कचोरी विकायला सुरुवात केली. ना पेज, ना रील. पण मुंबई-नागपूर लाईनवरचं स्टेशन आणि गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे भाविक! गाडी थांबते काही मिनिटं, आणि तेवढ्यात माल समोर हवा. गाडी गेल्यावर कितीही ओरडलात तरी ऐकणारं कोण? सोशल मीडियाचंही तेच आहे. गिऱ्हाईकाची गाडी कधी येते हे ज्याला कळलं, त्याचं अर्धं काम झालं.

आता आपल्या वऱ्हाडातल्या गाड्या बघा. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, पण विदर्भात उन्हामुळे त्या जूनअखेरीस उघडतात. पुण्यात तयार झालेली ‘शाळा सुरू, वह्या घ्या’ ही पोस्ट इथे दहा-बारा दिवस आधीच येऊन शिळी होते. कोल्हापूर-सांगलीकडे आषाढात बेंदूर होतो, आपल्याकडे श्रावण अमावस्येला पोळा. झुली, घुंगरं, दोर विकणाऱ्याने मागच्या पंधरवड्यातच बोलायला हवं. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन राजराजेश्वराला कावडी येतात, त्या दिवशी शहराचे रस्तेच वेगळे असतात. नवरात्रात अमरावतीत अंबादेवी-एकवीरेला गर्दी. अंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आगेमागे, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चात. बहिरमची यात्रा २० डिसेंबरला सुरू होऊन जानेवारीभर चालते. सोयाबीन दिवाळीआधी निघतं, कापूस त्यानंतर घरी येऊ लागतो आणि मग कुठे शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळतो. लग्नाच्या खरेदीचं गणित यावर बसलेलं असतं. ही माहिती कोणत्या ॲपमध्ये आहे? दुकानदार काकांच्या डोक्यात मात्र तीस वर्षांची नोंद आहे. ती तासभर बसून वहीत उतरवून घ्या, वर्षाचा आराखडा तयार!

आठवड्याला दोन पोस्ट धरल्या तर वर्षाच्या १०४ होतात. पुष्कळ झाल्या. त्यातल्या निम्म्या या कॅलेंडरमधून निघतील. उरलेल्यांसाठी काय? तर दोन दिवस गल्ल्याजवळ बसा आणि गिऱ्हाईक काय विचारतं ते लिहून काढा. "केवढ्याले हाय?" "धुतल्यावर आटते का?" "पापड यंदाचे हायेत का मागचे?" "दुपारी उघडं असते का?" एकेका प्रश्नाला एक फोटो किंवा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. परीक्षेला जसे जुने पेपर सोडवतो, तसंच हे आहे. प्रश्न ठरलेले असतात, उत्तर तयार ठेवायचं. आणि फोटो त्याच दुकानातल्या मालाचा. इंटरनेटवरची चकचकीत कुरडई दाखवायची आणि हातात वेगळीच द्यायची, ही फसवणूक झाली.

बोलायचं कोणत्या भाषेत? आपल्या भाषेत! वर्ध्याचे नितेश कराळे हे स्पर्धा परीक्षांचा क्लास घेणारे शिक्षक. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये क्लास ऑनलाईन गेला आणि त्यांची अस्सल वऱ्हाडी बोली राज्यभर पोचली. ज्या बोलीला कॉलेजात आपण दबकून वापरतो, त्याच बोलीने एका क्लासचं नाव महाराष्ट्रभर केलं. त्याच वर्षी नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांच्या ‘आपली आजी’ या यूट्यूब चॅनेलवरचे पदार्थ घराघरांत पोचले. मोबाईल नातवाचा, पण मसाला आजीचा! आपण सगळे त्या नातवाच्या जागी आहोत. आजीला ‘हॅलो गाईज’ म्हणायला लावू नये एवढीच विनंती.

कोणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण व्हायरल झाल्याशिवाय काय उपयोग? मला हे पटत नाही. बडनेऱ्यातल्या शिंप्याला दिल्लीतल्या लाखभर लोकांनी पाहिलं म्हणून एक ब्लाऊजही जास्त शिवून होत नाही. त्याला आजूबाजूची हजार घरं पुरतात. आणि त्या हजार घरांत पोचायला इन्स्टाग्रामपेक्षा व्हॉट्सॲप जवळचं. २०१८ पासून व्हॉट्सॲपचं बिझनेस ॲप आहे, त्यात वेळ, पत्ता, मालाची यादी टाकता येते. स्टेटस २४ तासांत पुसलं जातं, म्हणून ‘आज ताजं काय’ यासाठी ते झकास. पण एक ध्यानात ठेवा, ब्रॉडकास्टचा निरोप ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच मिळतो. तो नंबर सेव्ह करून घेण्याचं काम शेवटी गल्ल्यावरच, समोरासमोरच करावं लागतं. गूगल मॅपवरची वेळही तपासा. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी शटर खाली असतं आणि मॅप सांगतो ‘उघडं आहे’. त्या उन्हात जो माणूस येऊन परत गेला, तो पुन्हा येईल का?

आता थोडं टोचणारं. चार पैसे मिळतात म्हणून होस्टेलच्या चाळीस पोरांकडून दुकानाला पाच तारे देऊन घ्यायचे, हा प्रकार आपल्यात सर्रास गंमत म्हणून चालतो. ही गंमत नाही. पैसे घेऊन केलेली स्तुती ही जाहिरात आहे असं सांगितलं पाहिजे, असा दंडक भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये घातला. ऑनलाईन अभिप्रायांसाठी २०२२ मध्ये भारतीय मानकही आलं. पण नियम बाजूला ठेवा. ज्याने तिथे कधी चहाही प्यायला नाही, त्याने ‘बेस्ट इन अमरावती’ लिहावं? उद्या इंजिनिअर म्हणून न पाहिलेल्या पुलाच्या कागदावरही आपण अशीच सही करणार का?

दुसरं, अकाउंट दुकानदाराच्या नंबरवर उघडा आणि पासवर्ड त्याच्याच वहीत लिहून द्या. आपण चार वर्षांनी पुण्याला निघून जातो, दुकान इथेच राहतं. आणि गिऱ्हाइकांचे नंबरही कागदावर असू द्या. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा कित्येकांची सगळी मेहनत एका रात्रीत गेली. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही सहा तासांच्या आसपास बंद होते. भाड्याच्या जागेत धंदा करणाऱ्याने आपलं सामान कुठे आहे ते नेहमी माहीत ठेवावं.

आणि हिशेब? लाईक मोजू नका. गल्ल्याजवळ एक वही ठेवा. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारा, "कुठून कळलं?" आणि रेघ ओढा. तीन महिन्यांनी रेघा मोजा. त्या वाढल्या नसतील तर दुकानदाराला सरळ सांगा, "काका, पैसे वाचवा." प्रयोगशाळेत रीडिंग न घेता निष्कर्ष लिहिला तर सर जर्नल परत करतात, मग इथेच सूट का?

शेवटी सरांना एक विनंती. मिनी प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच ते विषय फिरतात. त्याऐवजी दोन-दोन मुलांना गावातलं एकेक छोटं दुकान वर्षभरासाठी द्या. वर्षाचं कॅलेंडर, प्रश्नांची यादी आणि रेघांची वही, एवढंच सबमिशन. काही मार्कही मिळतील. पण ज्यांच्या उधारीवर आपण चार वर्षं चहा-पोहे खातो, त्यांची थोडी तरी परतफेड होईल. तेव्हा मित्रहो, पुढची पोस्ट टाकण्याआधी मोबाईल खिशात ठेवा, स्टूल ओढा आणि काकांना विचारा, "काका, यंदा पोळ्याचा माल कवा भरता?"