पिल्लाचे जुलाब व पशुवैद्य

बैलानें एक वेळ वैरण सोडली तर पशुवैद्याकडे धांवणारे आमचे शेतकरी बंधु राखणीच्या कुत्र्याचें पिल्लूं ओकूं लागलें कीं ‘होईल बरें’ म्हणून स्वस्थ बसतात; हें आम्हांस मान्य नाहीं. पिल्लूं खेळत असून एखाद्या वेळीं पातळ हगलें, तर एक दिवस वाट पाहण्यास हरकत नाहीं. पाणी मात्र समोर असावें. परंतु वारंवार ओकारी, रक्तमिश्रित जुलाब, मलूलपणा, अथवा मानेची कातडी चिमटींत धरून सोडल्यावर ती तशीच उभी राहणें, यांपैकीं एकहि लक्षण दिसतांच त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. १९७८ सालीं ओळखल्या गेलेल्या पार्व्हो रोगांत शरीरांतील पाणी आटून पिल्लूं दोन-तीन दिवसांतच दगावूं शकतें. माणसांच्या गोळ्या तर मुळींच देऊं नयेत. या रोगाची लस ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून १६ आठवड्यांपर्यंत पुनःपुन्हां टोंचावी लागते. पहिल्याच टोंचणीवर विसंबणारेहि पुष्कळ आढळतात.