लेकरू कुंथतं, घर घोरतं

नवजात बाळ चोवीस तासांत साधारण 16 ते 17 तास झोपते; मात्र गुपचूप झोपत नाही. ते कुंथते, कण्हते, उचक्या देते, नाकात घुरघुरते, मध्येच मांजरीच्या पिलासारखे एकदाच ओरडते आणि पुन्हा निजते. भालकी-औरादपासून आळंद-अफझलपूरपर्यंतच्या मराठी घरांत बाळंतिणीची खोली रात्री अशीच खुडबुडत असते, आणि त्याच खोलीत बाळंतीण डाराडूर झोपलेली असते. सकाळी चहाबरोबर निकाल लागतो: "लेकरू रातभर किरकिर करू लागलं, अन् हिला पत्ताच न्हाई!" निकाल देणारी बहुधा पलीकडच्या खोलीत निजलेली आत्याबाई असते. निकाल चुकीचा असतो.

नवजाताची जवळजवळ निम्मी झोप चळवळी असते. मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे फिरतात, ओठाचा एक कोपरा वर जातो, मूठ उघडते-मिटते, पाय पोटाशी येतात आणि घशातून आवाज निघतो. श्वासही एका तालात चालत नाही. पाच-दहा सेकंद थांबतो, मग भरभर चालतो, मग ठिकाणावर येतो. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते आणि नाकपुड्या अरुंद, म्हणून जराशा शेंबडाचीही शिट्टी वाजते. यांतल्या बहुतेक आवाजांना उत्तर नको असते. उत्तर दिले, म्हणजे बाळाला उचलून घेतले, तर झोपेतले बाळ जागे होते आणि मग खरोखरच रडते.

जुन्या बायकांकडे यासाठी वैद्यकाची भाषा नव्हती, पण सटवाई होती. पाचवीच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी मांडायची, दिवा तेवत ठेवायचा, रात्री सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते असे मानायचे. पुढेही बाळ झोपेत हसले की सटवाई हसवते आहे, ओठ काढले की तीच रडवते आहे. या समजुतीचा खरा उपयोग असा की, देवीचा खेळ चालू असताना मध्ये कोणी हात घालत नसे; बाळ आपले आपण शांत होई. 1953 मध्ये शिकागोत युजीन अॅसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांनी मिटल्या पापण्यांआडच्या बुबुळांच्या हालचालींवरून स्वप्नांच्या झोपेचा शोध प्रसिद्ध केला. त्या हालचाली माजघरात पिढ्यान् पिढ्या पाहिल्या जात होत्या. फक्त त्या कोणी लिहून ठेवल्या नव्हत्या. लिहायचे काम सटवाईकडे होते.

आता आईच्या झोपेविषयी. झोपेत कान बंद होत नाहीत, मेंदू आवाजांची निवड करतो. इयान ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 मध्ये झोपलेल्या माणसांना नावांची यादी ऐकवली, तेव्हा स्वतःचे नाव आले की मेंदूच्या आलेखात वेगळी उसळी दिसली. रोजचा, एकसारखा, निरुपद्रवी आवाज मेंदू सोडून देतो. याचा पुरावा कलबुर्गीत दर मे महिन्यात मिळतो. पारा चाळिशीच्या वर, पंखा रात्रभर खडखडतो आणि सगळे घर झोपते. करंट जातो, पंखा थांबतो, खोलीत शांतता पसरते, आणि त्या शांततेने घर ताडकन उठून बसते. बाळंतिणीचेही तसेच. कुंथण्याने तिची कूसही बदलत नाही. दुधासाठीची चुळबुळ सुरू झाली, ओठ चुटचुटले, मूठ तोंडाकडे गेली की रडण्याआधीच तिचा हात बाळावर पडलेला असतो. चोवीस तासांत 8 ते 12 वेळा पाजणाऱ्या बाईला निष्काळजी म्हणणे हा शुद्ध आगाऊपणा आहे.

बापाची गोष्ट निराळी. पहिले बाळंतपण माहेरी, त्यामुळे बाप त्या खोलीत नसतोच. तो शंभर मैलांवर निवांत घोरतो आणि त्याला कोणी नावे ठेवत नाही. हैदराबादला किंवा पुण्याला भाड्याच्या दोन खोल्यांत बाळंतपण उरकणारा बाप मात्र शेजारीच झोपलेला सापडतो, म्हणून कुंभकर्ण ठरतो. रात्री दोन वेळा लंगोट बदलायचे काम त्याच्याकडे नेमून दिले तर त्याचाही कान आठ-पंधरा दिवसांत तयार होतो. काम नाही तर कान नाही.

राहिली नाकातली घुरघुर. तिचा एक भाग रात्रीचा नसून सकाळी नऊचा असतो. न्हाऊ घालणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडगीवर पालथे घालते, तेल जिरवते, कढत पाणी घालते. इथपर्यंत ठीक, पाणी थोडे कमी कढत चालेल. मग ती बाळाला उताणे करते आणि करंगळीने दोन्ही नाकपुड्यांत तेलाचे थेंब सोडते. वर एक फुंकर. मग शेगडीवर ओवा टाकून धुरी, तीही खिडक्या लावून. तेल नाकातून फुप्फुसात उतरले तर न्यूमोनिया होऊ शकतो, धुराने नाक आणखी चोंदते. डॉक्टर हे वर्षानुवर्षे सांगत आहेत. बाई ऐकत नाही. तिने पन्नास लेकरे न्हाऊ घातलेली असतात आणि ती पन्नासही, तिच्या म्हणण्याप्रमाणे, ठणठणीत असतात. घरातला कोणी डॉक्टरच्या कागदाकडे बोट दाखवतो, तर बाई आजीकडे बघते, आजी छताकडे. दिवसा धुरी देणारे तेच घर रात्री विचारते, लेकरू एवढे का घुरघुरते? नाक चोंदले तर डॉक्टर सांगतील ते मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात, तेलाची बुधली अंगापुरती ठेवावी. खिडकी उघडावी. बिदरच्या थंडीत वाकळ लागतेच, पण ती बाळाच्या तोंडावर येऊ देऊ नये, आणि बाळाला उताणेच निजवावे.

आवाज करणारे बाळ बहुधा बरे असते. आजारी नवजात पुष्कळदा गप्प होते. ते दूध ओढत नाही, हलवल्याशिवाय हालत नाही, अंग गार किंवा तापलेले लागते. कुंथणेही दोन तऱ्हांचे असते: शी-वारा करताना तोंड लाल करून कुंथणे साधे, पण दर उच्छ्वासाला कण्हणे आणि फासळ्यांखाली छाती आत ओढली जाणे धोक्याचे. ही पारख शिकवता येते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत ती गावातल्याच बायकांना शिकवली. 39 गावांतल्या त्या कामाचा वृत्तान्त 1999 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. 2011 पासून देशभर आशाताई हेच काम करतात. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी येतात. म्हणजे सव्वा महिना उलटून जाईपर्यंत. त्यांना चहा पाजून अंगणातूनच परत पाठवू नये. बाळ उघडून दाखवावे.

शंका आली तर बाळ शांत असताना पोटावरचे कापड दूर करून श्वास मोजावेत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. 60 किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजावेत. दुसऱ्यांदाही तेवढेच आले, श्वास वीस सेकंदांवर थांबला, ओठ निळे पडले किंवा बाळ दूध ओढेनासे झाले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा.