अकरावा पाडा

‘मॅक्रो’ म्हटलं की आपल्या होस्टेलवर लोक नाक मुरडतात. पायथन येणाऱ्याला मान, जावा येणाऱ्याला प्लेसमेंट, आणि एक्सेलमध्ये मॅक्रो लिहिणारा म्हणजे कारकून! मीही याच मताचा होतो. मत बदललं ते एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, टँकरच्या याद्या करताना.

आपल्या शहापूर तालुक्यात भातसा आहे, तानसा आहे. तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि तरी मार्च उलटला की कसारा, डोळखांबकडच्या पाड्यांवर बायका टँकरची वाट बघत बसतात. तिकडे मुरबाडच्या डोंगराकडच्या पाड्यांचीही तीच गत. कुठल्या गावाच्या कुठल्या पाड्याने टँकर मागितलाय याची वहीतली यादी संगणकावर घ्यायचं काम आम्हा तिघांकडे आलं. मी म्हटलं, हात्तिच्या! एका रात्रीत मॅक्रो लिहितो.

लिहिलाही. प्रॅक्टिकलला शिकवतात तसाच. गाव१, गाव२, गाव३ असे बारा अ‍ॅरे, प्रत्येकाचा आकार दहा. एका गावाला दहापेक्षा जास्त पाडे कशाला असतील? मॅक्रो मध्येच ‘सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज’ म्हणून थांबला, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. मग मी आपल्या सगळ्यांचा लाडका मंत्र टाकला: ‘ऑन एरर रिझ्युम नेक्स्ट’. मॅक्रो सुरळीत चालला. प्रिंट सुंदर आली.

दोन दिवसांनी एक म्हातारे बाबा एस.टी.ने आले. शांतपणे विचारलं, “आमचा पाडा कागदावर नाय का रं, पोरा?” नव्हता. त्यांचा पाडा त्या गावातला अकरावा होता. मशीनने चूक सांगितली होती, तोंड मी दाबलं होतं. दोन दिवस तिथे टँकर गेला नाही. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की हे आपल्याला कुणी शिकवतच नाही. जर्नलमध्ये वर्गात साठ मुलं, म्हणून साठचा अ‍ॅरे. खरी माहिती अशी मापात येते का? एका गावाला तीन पाडे, दुसऱ्याला चौदा, आणि किती गावं येणार हे सोमवारपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. चालू मॅक्रोत ‘गाव१३’ नावाचा नवा अ‍ॅरे तयार करता येत नाही. मोठा चौकोनी तक्ता घ्यावा, तर ‘रीडिम प्रिझर्व्ह’ फक्त शेवटची मिती वाढवतो. म्हणजे पाडे वाढतील, पण गाव वाढवायला गेलात की पुन्हा एरर.

उपाय साधा आहे. एकच व्हेरिअंट अ‍ॅरे घ्यायचा आणि त्याच्या प्रत्येक घरात त्या त्या गावाचा स्वतंत्र अ‍ॅरे ठेवायचा, ज्याला जेवढे पाडे तेवढाच. आधी मोजायचं, मग एकदाच रीडिम करायचं. प्रत्येक ओळीला प्रिझर्व्ह केलं तर दरवेळी आधीचं सगळं नव्याने कॉपी होतं. गावाच्या नावाने शोधायचं तर डिक्शनरी आहेच. पण तिथेही एक गोम आहे. डिक्शनरीतून हाती येते ती अ‍ॅरेची प्रत. तीत बदल करून परत ठेवली नाही, तर बदल गुपचूप नाहीसा होतो, एररसुद्धा येत नाही!

सगळ्यात मजेशीर (की वाईट?) गोष्ट एकच पाडा असलेल्या गावाची. रेंज एकदम व्हेरिअंटमध्ये उचलली की अ‍ॅरे मिळतो, पण रेंज एकाच सेलची असेल तर मिळते नुसती किंमत. त्यावर ‘यूबाउंड’ लावलं की ‘टाइप मिसमॅच’. म्हणजे सगळ्यात मोठं गाव आणि सगळ्यात छोटं गाव, दोन्ही आपल्या प्रोग्रामच्या बाहेर. इथे ‘इज अ‍ॅरे’ विचारायला एक ओळ लागते, पण ती ओळ आमच्या कुणाच्याच जर्नलमध्ये नव्हती.

रूममेट म्हणतो, पायथनमध्ये हे सगळं चुटकीसरशी होतं. होतं ना! पण आम्ही निघून गेल्यावर ती फाईल उघडणार ते तिथले भाऊसाहेब, आणि त्यांच्या मशीनवर एक्सेल आहे.

सरांना विनंती आहे की प्रॅक्टिकलला एकदा तरी अशी फाईल द्या जिच्या ओळी किती ते आधी सांगणार नाही. वायवाला आउटपुट बघण्याआधी विचारा, “किती ओळी आल्या आणि किती वाचल्या?” आणि तो लाडका मंत्र विनाकारण दिसला तर खुशाल मार्क कापा, सुरुवात माझ्यापासून करा.

आता माझ्या मॅक्रोच्या शेवटी एक छोटी खिडकी उघडते: वहीतले पाडे इतके, यादीतले पाडे इतके. दोन आकडे जुळले नाहीत तर प्रिंट निघतच नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाबांच्या पाड्यावर गेलो होतो. त्यांनी ओळखलं, पाण्याचा तांब्या पुढे केला. तो मला लगेच घेववला नाही.